तोंडातला ब्रश

बोरीवली

तीर्थस्वरूप रत्नप्रभाताईस,

गुणाजीचा वाकून नमस्कार. चेंबूरच्या हवेत तुझा गुडघा काय म्हणतो? आम्ही इकडे ठीक आहोत असं लिहायचा रिवाज आहे, म्हणून लिहिलं. प्रत्यक्षात तुझ्या भाच्याने माझी वाट लावली आहे.

नंदकिशोर दहावी पास झाला, हे तुला माहीत आहेच. (पेढे पोचले ना? निम्मे त्यानेच वाटेत खाल्ले असणार.) आता प्रवेशाची मुदत शनिवारी संपते आणि कार्टं पुढे काय करणार ते सांगत नाही. सांगणार कसं? उठल्यापासून तोंडात ब्रश. ब्रशसकट गॅलरीत उभा, ब्रशसकट दूध केंद्रावर, ब्रशसकट खालच्या क्रिकेटमध्ये अंपायर. कॉमर्सच ना रे, असं विचारलं की फुगलेल्या गालाकडे बोट दाखवतो आणि मोरीकडे पळतो. बँकेत चिकटला तर गिरणी बंद पडली म्हणून माझ्यासारखं दारोदार फिरावं लागणार नाही, एवढंच माझं म्हणणं.

इतकं घासून दात चकचकीत व्हावेत, तर ते हळद लावल्यासारखे पिवळे. काल त्याचा ब्रश हातात घेऊन पाहिला. पेस्टचा पत्ता नाही. (आंघोळही तशीच. मोरीत नळ वाहत असतो आणि हा केस तेवढे ओले करून बाहेर येतो. वर पावडर अशी, की आरशालाही लागते.) म्हणजे हे दात घासणं नव्हेच, माझ्याशी न बोलायची सोय आहे. विमला, आईच ती, म्हणते, वयच तसलं आहे, सोडून द्या. कसं सोडू? एका खोलीत राहतो आणि पोराचा आवाज मला तो शेजाऱ्यांशी बोलतो तेव्हाच ऐकू येतो. फार वाईट वाटतं, ताई.

तुझा,
गुणाजी

ता. क. खरं काम राहिलंच. गुरुवारी कोकमं द्यायच्या निमित्ताने त्याला तुझ्याकडे पाठवतो. पोटभर वाढ आणि हळूच विचारून घे. आत्याच्या घरी काही तो ब्रश घेऊन येणार नाही.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तो समोर येऊन उभा राहिला. तोंडात काही नाही. म्हणाला, "बाबा, मला वायरमनचं शिकायचंय. आयटीआयला जाऊ ना? चिडणार नाही ना तुम्ही?" तोंड उघडलं तर रडू फुटेल अशी भीती वाटली. फळीवर माझा ब्रश होता, तो तोंडात कोंबला. भर संध्याकाळी. पोरगं थोडा वेळ थांबलं आणि खाली निघून गेलं. ताई, आता त्याला काही विचारू नकोस. बाबा जा म्हणतात, एवढंच सांग.