सुनेनं टाईप केलेल्या ओव्या

सोमवार, सांजवेळ. रामनगर.

मी सांगते, सून लिहितीया. मला कुठं अक्षर येतंय.

आज पाहुण्यांसमोर नातीनं कॉम्प्युटरवर माझ्या ओव्यांची जुनी फाईल उघडली. सून घरात नवी असताना तिनं टाईप करून फ्लॉपीवर ठेवलेली. नात हसली, "आज्जी, नुसत्या किडामुंग्या हायत." मीबी सुनेला म्हटलं, "मुंग्याच टाईप केल्यास व्हय गं?" सगळे हसले. सून न्हाई.

मग नातीनं त्या काळचा फॉन्ट, म्हंजे अक्षरांचा साचा, घातला. सगळ्या ओव्या आल्या. वर माझं नाव, ठसठशीत, मधोमध.

मला तर मुंग्या नि ओव्या सारख्याच दिसतात. मग हसले कशाला मी?

सूनबाई, हे गाळू नको. चूक माझी. माझं नाव घातलंस तसंच हेबी घाल, ठसठशीत, मधोमध.