न उडालेला फ्यूज

अप्पा, मागच्या पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं की गाडीला आग लागली पण फ्यूज उडाला नाही. ते दुरुस्त करते. वाक्य खरं आहे. फ्यूज खरोखरच उडाला नाही, आगीनंतरही तो शाबूत सापडला. पण तो होता मागे डिकीत, इन्व्हर्टरच्या शेजारी. पुढे बॅटरीपाशी, जिथे दुसरा असायला हवा होता, तिथे काहीच नव्हतं. एवढं मी गाळलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, ही पत्रं माझ्या ट्रंकेतच राहतात, आणि तरी तुम्हालाही मी अर्धंच लिहिलं. मग जिवंत माणसांना काय सांगितलं असेल ते तुम्ही ओळखलं असेलच.

पहिल्यापासून सांगते. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता. आता चिकपेटच्या बाजाराच्या मागच्या बाजूला त्याचे सुटे भाग मिळतात, आणि डिप्लोमा झाल्यापासून मी आपल्या पुढच्या खोलीत ते जोडून देते. गेल्या वर्षी एक बांधकाम कंत्राटदार आले. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची अँबॅसडर होती. साइटवर गाडीतच बसून नकाशे बघता यावेत, गिऱ्हाइकांना दाखवता यावेत, म्हणून त्यांना तिच्यात कॉम्प्युटर बसवून हवा होता. मांडीवर घ्यायचा तयार कॉम्प्युटर मिळतो, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. तो काय, कुणाकडेही असतो, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. मनात आलं, यातलं यंत्र माझं आणि वायरिंग तुमचं, म्हणजे हे काम आपण दोघं मिळून करतोय.

महिनाभर मी त्यांच्या शेडमध्ये जात होते. छोटा काळा-पांढरा पडदा डॅशबोर्डच्या खाली बसवला, कॉम्प्युटरचं खोकं आणि बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करणारा इन्व्हर्टर डिकीत. खड्ड्यांनी हार्ड डिस्क, म्हणजे ज्यात सगळं साठवलेलं असतं ती तबकडी, खराब होते, म्हणून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांवर टांगली. त्यांचे ड्रायव्हर शेजारी उभे राहून बघत असायचे. साठीला आलेले, बेळगावकडचे. इथे परमुलखात मराठी बोलायला माणूस मिळालं म्हणून माझ्यावर खूश. "पाळणाच बांधलीस की ग अक्का याला," ते म्हणाले, "आता बारसं कवा?" मी म्हटलं, आधी रडायचा थांबू दे. कारण गाडी सुरू करायला स्टार्टर मारला की बॅटरीचा दाब पडायचा आणि कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. शेवटी मी थेट बॅटरीवरून करंगळीएवढी जाड वायर ओढली, बॉनेट आणि केबिनच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून आत, गालिच्याखालून, मागच्या सीटखालच्या पत्र्याच्या भोकातून डिकीपर्यंत. रडणं थांबलं.

ती वायर आठवली की मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. दम्यामुळे नऊ वर्षांची होईपर्यंत मी शाळेत गेले नाही, माझी शाळा तुमचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आणि आईची चूल. तुम्ही जेवता जेवता वाटी मध्ये ठेवता, ही बॅटरी. आईच्या शिवणाचा दोरा फरशीवर पसरता. मी बोट फिरवत म्हणायचं: बॅटरीतून निघाला, स्विचात गेला, दिव्यात गेला, पत्र्यातून परत आला. तुम्ही त्याला रस्ता म्हणणं म्हणायचात. "घरी परत येईपर्यंत म्हण. मध्ये सोडलास तर तो तिथेच काहीतरी जाळत बसेल." आई म्हणते, "पोळी खाऊ दे तिला आधी. करंट काय पळून जातोय?" आणि तुम्ही म्हणता, "तेच तर शिकवतोय. संधी मिळाली की पळतो."

अकरा वर्षांची असताना मी एका गाडीचा हॉर्न जोडला आणि फ्यूज हॉर्नच्या जवळ लावला, दिसायला नीटनेटका. तुम्ही गिऱ्हाइकासमोर सगळं उपटून काढलंत. "फ्यूज कुणासाठी असतो?" मी म्हटलं, हॉर्नसाठी. "हॉर्न बाजारात मिळतो. फ्यूज वायरसाठी. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरीला वाली नसतो, म्हणून ती वीतभरच ठेवायची." मी रडले, तुम्ही समजूत घातली नाहीत, फक्त पक्कड माझ्या हातात दिलीत. हे मला माहीत नव्हतं असं मला कधीही म्हणता येणार नाही.

शेवटच्या दिवशी डिकीतला फ्यूज मी आधी बसवला. पुढचा बसवायचा बाकी होता, तो माझ्या पिशवीत होता. तेवढ्यात ते कंत्राटदार, म्हणजे गाडीचे मालक, दोन इंजिनिअर मित्रांना घेऊन आले. मी उघड्या बॉनेटखाली वाकून रस्ता म्हणायला लागले होते, सवयीप्रमाणे, तोंडातल्या तोंडात, मराठीत. त्यांतला एक हसला. "मॅडम, पूजा चल रही है क्या?" दुसरा म्हणाला, नारळ आणू का. मालकही हसले. माझे कान गरम झाले. मी म्हणायची थांबले, बॉनेट बंद केलं आणि पडदा सुरू करून दाखवला. नकाशा आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढे म्हटलं असतं तर दुसऱ्याच पावलाला, बॅटरीतून निघाला, फ्यूजात गेला, तिथेच अडखळले असते. घरी आल्यावर पिशवीत फ्यूज दिसला. उद्या जाऊ असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दमा उठला, मग दुसरं काम आलं. गाडी चालत होती.

तीन आठवड्यांनी के. आर. पुरमच्या रस्त्यावर मागच्या सीटखालच्या पत्र्याच्या भोकात वायर घासून उघडी पडली आणि पत्र्याला टेकली. मी बसवलेली रबरी रिंग सुटली असावी. गालिचा पेटला. मागे मालकांच्या आई बसल्या होत्या. ड्रायव्हरनी जळत्या सीटखाली अडकलेलं त्यांचं पाऊल दोन्ही हातांनी सोडवलं आणि त्यांना बाहेर ओढलं. आजींना धुराशिवाय काही झालं नाही. ड्रायव्हरच्या दोन्ही हातांची बोटं आता मिटत नाहीत.

गाडी शेडमध्ये आणली तेव्हा मला बोलावलं. वायर पत्र्यापासून मागच्या सीटपर्यंत नागडी झालेली मला पहिल्या नजरेत दिसली. मालक मात्र डिकीत वाकले, काचेचा फ्यूज काढून उजेडात धरला. आतली तार अखंड होती. "फ्यूज तो ठीक है. मतलब आपका काम ठीक है. ये आग ड्रायव्हर की बीडी से ही लगी है ना?" फ्यूजच्या अलीकडेच वायर जळली तर फ्यूजला काही कळतच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. मला होतं. मी म्हटलं, "हो सकता है." एवढंच. ड्रायव्हरना त्याच आठवड्यात कामावरून काढलं. आणि अप्पा, हेही लिहिते: तशीच वायर मी मालकांच्या एका मित्राच्या गाडीत ओढली होती. दुसऱ्याच दिवशी तिथे जाऊन, साधी तपासणी आहे म्हणून सांगून, बॅटरीपाशी वीतभरावर फ्यूज बसवून आले. तेव्हा न कळून बोलले असंही नाही.

आठ महिने मी ड्रायव्हरकडे गेले नाही. गेल्या रविवारी गेले. रुळांच्या बाजूची एक खोली. त्यांची बायको त्यांना घास भरवत होती. मला बघून त्यांनी तोंड पुसायला मान खांद्याकडे नेली. "ये अक्का. तुझं मशीन वाचलं का ग?" मी म्हटलं, वाचलं. "बरं झालं. लई मेहनत केलीवतीस." मग मी विचारलं नसताना म्हणाले, "बिडी वडतो मी, खोटं कशाला सांगू. पण गाडीत न्हाई. आजी बसल्या की खिशातबी ठेवत न्हवतो." बायको म्हणाली, "मग तसं सांगायचं हुतं की त्यास्नी." ते म्हणाले, "सांगितलं. पण सगळीच म्हणालीत तर वडलीबी असंन एकादवेळी. वय झालं. ध्यानात ऱ्हाईना."

बायकोनं मला चहा दिला. मी तो प्यायले. त्यांची नोकरी गेली, हात गेले, हे मला माहीत होतं आणि ते घेऊन मी आठ महिने जेवले, झोपले. पण जे त्यांनी केलंच नाही ते त्यांना आता आठवायला लागलंय, आणि ते माझ्या तीन शब्दांवरून.

सगळं एका कागदावर लिहून काढलं आहे, गाडीच्या आकृतीसकट, मालकांना समजेल असं. आधी ड्रायव्हरना वाचून दाखवणार, त्यांच्या बायकोसमोर, मग त्यांनाच बरोबर घेऊन मालकांकडे. पुढे कुणी माझ्याकडून काही जोडून घेईल असं वाटत नाही. आईला अजून बोलले नाही.

गुरुवारी सकाळी जाणार आहे. ड्रायव्हर रोज घरीच असतात, मालक उद्या बुधवारीही शेडमध्ये असतात, मीही बुधवारी मोकळीच आहे. तरी गुरुवारच ठरवला आहे, फ्यूजच्या वेळी 'उद्या जाऊ' ठरवलं होतं तसाच.