टाकीत सोडलेला घास

सोमवार, २१ एप्रिल २००८

ही वही माशांची टाकी बघणाऱ्या श्रीनिवासरावांनी दिली. टाकीची नोंद ठेवायला. ऊन किती वाजता आलं, किती वाजता गेलं, आटलेल्याच्या जागी गाळलेलं गोडं पाणी किती मग ओतलं, एवढंच लिहायचं. पण वही दोनशे पानी आणि लिहायच्या तीन ओळी. एवढा कोरा कागद सोडणं माझ्या जिवावर येतं. मी चौथी पास, पण अक्षर बरं आहे. म्हणून आधी माझं लिहिते, मग टाकीचं.

तर मी काल पुण्याला पोचले. दर्यापूरच्या घराला कुलूप लावून आले, तुळस शेजारच्या वेणूबाईकडे दिली. लेक दिग्विजय आणि सून दीपमाला दोघंही कंपनीत. सकाळी साडेसातची हिंजवडीची बस, रात्री यायला उशीर. नात स्पृहा चार वर्षांची. तिला सांभाळायला बाई मिळेना, म्हणून दिगू म्हणाला, आई ये. पाच वर्षं मी हे ऐकायची वाट बघत होते. गाडीत रात्रभर हसतच होते, समोरची बाई मला बघून कूस बदलून झोपली.

घर अकराव्या मजल्यावर, सगळ्यांत वर. हॉलच्या छताला मोठी काच बसवलीय, आणि तिच्या बरोबर खाली आठ फुटांची टाकी. आत समुद्र. खरंच सांगते, मीठ कालवून केलेला समुद्र. दगडावर प्रवाळ आहे, म्हणजे आपलं पोवळं. माझ्या मंगळसूत्रात दोन पोवळी होती, ती जिवंत असतात हे मला साठाव्या वर्षी कळलं. लोक त्यावर विजेचे दिवे लावतात, पण आमच्या दिगूला सूर्याचाच उजेड हवा. ऊन आलं की सगळी पोवळी बोटांसारखी उघडतात.

ऊन ११ ते २. पाणी चार मग.

गुरुवार, २४ एप्रिल

स्पृहाचं आणि माझं जमलं. मी न्हाणीघरात असले की ती दारावर टकटक, टकटक आणि मग जरा थांबून एकच टक करते. म्हणजे मीच आहे आजी, दुसरं कोणी नाही. दिवसातून दहा वेळा. मी दर वेळी कोण आहे विचारते आणि ती दर वेळी हसते.

आज श्रीनिवासराव आले. टाकी तेच बघतात. सदाशिव पेठेतले, कमी बोलणारे. मी सूर्याला अर्घ्य देऊन तांब्याच्या गडूतलं उरलेलं पाणी टाकीत ओतायला निघाले, तर त्यांनी माझा हातच धरला. तांब्याचा अंश आत गेला तरी मासे सोडून बाकी सगळं जिवंत संध्याकाळपर्यंत मरतं म्हणाले. वर म्हणाले, आजी, यात पुणे महापालिकेचं पाणी चालत नाही, तुमच्या गडूचं काय घेऊन बसलात. मी गडू देवघरात ठेवून दिला. माणूस तोंडाचा तिखट, पण जाताना स्पृहाला लिमलेटची गोळी देऊन गेला.

ऊन १० पन्नास ते २. पाच मग.

सोमवार, ५ मे

श्रीनिवासरावांनी नवल सांगितलं. तेरा तारखेला दुपारी साडेबारा वाजता सूर्य पुण्याच्या अगदी डोक्यावर येतो, कशाचीच सावली पडत नाही. मधल्या मोठ्या दगडाखाली कपार आहे, तिथे वर्षभर अंधार. त्या दिवशी ऊन तिच्यातही शिरेल. मी म्हटलं वा. ते म्हणाले, त्या दिवशी पुण्यात कोणी कोणाला सावलीलाही उभं करत नाही, एरवीही करत नाहीत म्हणा.

सहा मग. उन्हाळा कडक आहे.

बुधवार, ७ मे. आखाजी

आज अक्षय्य तृतीया. आमच्याकडे ही आखाजी, पितरांचा सण. नवी मातीची घागर भरली, वर आंबा ठेवला. पुरणपोळी, आमरस, कुरडई. ह्यांच्या नावानं पान वाढलं. सासूबाईंनी शिकवलं तसं आधी आपल्या माणसाला नाव घेऊन बोलवायचं, मग ज्यांना कोणी देणारं नाही त्यांनाही या म्हणायचं. आयुष्यभर नाव घेतलं नाही, आज घेतलं, सीताराम म्हणून हाक मारली. जीभ अडखळली.

पण घास घ्यायला कावळा येईना. अकराव्या मजल्यावर कुठला कावळा. बारा वाजले, साडेबारा वाजले. मला रडूच आलं. हे जेवल्याशिवाय मी कशी जेवू? टाकीशी उभी होते, पोवळी उघडलेली होती, मनात काय आलं कोण जाणे, घास आत सोडला. कपारीतून काहीतरी पांढरं बाहेर आलं आणि घास घेऊन गेलं. अलगद. हे पुरण असंच घ्यायचे, चिमटीनं. कापसाच्या जिनिंगच्या मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली होती ह्यांची, तीनच उरली, म्हणून चिमटीनं.

मला इतका आनंद झाला. जेवण झालं की पितरांना निरोप द्यायचा असतो. जेवलात, आता सुखानं आपल्या ठिकाणी जा, असं म्हणून उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं. मी नाही दिला. म्हटलं, राहा की दोन दिवस, नातीला कुठे बघितलंय तुम्ही.

पाण्याचं लिहायचं राहिलं.

गुरुवार, ८ मे

स्पृहानं आज तिच्या ताटातली अर्धी पोळी टाकीत टाकली. मी रागावले नाही. आतल्या आजोबांना भूक लागली म्हणाली. मी तिला ह्यांच्याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं.

दोघी टाकीपुढे बसून राहिलो. मी ह्यांना घराचं सगळं सांगितलं, तुळशीचं, वेणूबाईचं, पोराला कंपनीनं दिलेल्या घड्याळाचं.

ऊन १० चाळीस ते २ दहा. पाणी ओतलं नाही. कमीच झालं नव्हतं. एवढ्या उन्हात.

शुक्रवार, ९ मे

स्पृहा जेवत नाही. सगळं टाकीला देते. मिठाच्या बरणीत बोट घालून चाटताना दोनदा धरलं. हात गार, भर दुपारी, उन्हात बसलेली असून. दीपमालाला फोन केला. ती म्हणाली उन्हानं भूक जाते, ताक द्या.

एक गोष्ट लिहू की नको. बाराचं ऊन डोक्यावरून येतं, म्हणून सोफ्याची, माझी, स्टुलाची, सगळ्यांची सावली पायाशी वीतभर. स्पृहाची लांब होती. टाकीकडे जात होती. काचेपर्यंत.

रविवार, ११ मे

काल, आज दोघं घरी. स्पृहा बापाच्या मांडीवर निजून होती. दिगूला सावलीचं सांगितलं. हसला नाही, पण माझं बीपी मोजलं. आई, काच आणि पाण्यात उजेड वाकतो, असं समजावलं. बरोबर असेल. तो शिकलेला आहे.

पण पोर जरा उठली की सावली बघते मी. काचेच्या आत, पांढऱ्या वाळूवर पडते आता. बाहेर नाही.

सोमवार, १२ मे

श्रीनिवासराव आले. कपारीत वाकून बॅटरी मारली आणि पहिल्यांदाच काही तिरकस बोलले नाहीत. हे मी ठेवलेलं नाही म्हणाले. गुरुवारी माणूस आणून दगडच काढतो, तोवर पोरीला लांब ठेवा.

ते गेल्यावर मी बघितलं. बोटं होती. पांढरी, आखूड. मी मोजली. तीन असावीत म्हणून देवाला हात जोडून मोजली.

पाच आहेत.

मग मी कोणाला राहा म्हटलं?

स्पृहाला खाली बागेत न्यायला निघाले. लिफ्टमध्येच ओठ निळे पडले, श्वास लागला. परत आणून टाकीपाशी ठेवलं तेव्हा रंग आला. मग म्हणाली, "आजी, ते विचारतात, मी कधीपर्यंत राहू?"

माझ्या तोंडून गेलेला शब्द आहे. मलाच परत घ्यायला हवा. उद्या कपारीत ऊन जाईल, समोर दिसेल, तेव्हा निरोप देईन. नाही ऐकलं तर तांब्याचा गडू आहे.

मंगळवार, १३ मे

दिगूला सकाळी थांब म्हटलं. आज कंपनीत काहीतरी रिलीज आहे, चारपर्यंत येतो म्हणाला.

१२ वाजता. स्पृहा मांडीवर, पदरानं कमरेला बांधलीय. डाव्या हातानं तिला धरून लिहिते. गडू शेजारी.

१२ वीस. सावल्या आक्रसतायत. ऊन कपारीच्या तोंडाशी.

साडेबारा — दिसलं. आत तोंड आहे. लहान. डोळे मिटलेले. मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, जेवलात, आता सुखानं आपल्या ठिकाणी जा. बसल्या जागेवरून उंबऱ्याकडे पाणी शिंपडलं. ते हललं नाही. डोळे उघडले फक्त. मग मी गडू आत सोडला. बुडाला, वाळूत रुतला —

एकही सावली नाही घरात.

१२ चाळीस. झालं. पोवळी मिटली, पांढरं दिसत नाही. स्पृहा उठून बसली. हात उबदार लागतात. भूक लागली म्हणाली. देवा, तुझे उपकार. वाटीभर वरणभात खाल्ला, सगळा, चिमटीनं —

सोफ्याची सावली आली. स्टुलाची आली. माझी आली.

तिची नाही.

माझ्याकडे बघतेय. म्हणाली, "तुम्ही जा म्हणालात. मी कुठे जाऊ? मला कोणी नाही."

स्पृहा मला तुम्ही म्हणत नाही.

काचेवर वाजतंय. आतून. टकटक, टकटक — थांबून — टक.

गडू. गडू आत आहे. संध्याकाळपर्यंत सगळं जिवंत — गडू काढायला हवा, हात पुरत नाही, ही पदर सोडत नाही, गाठ मीच मारलीय, सुटत ना —

टकटक. टक

आले गं बाई, आले मी, वाजवत राहा, थांबू नको, वाजव