वॉरंटी संपल्यानंतरची सोळा वर्षे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, छापखान्यातून निवृत्त झालेली मुद्रितशोधक, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा डोळ्यांवर असताना हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मसुदा वकीलबाईंनी तपासला. त्यांच्या मजकुरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका मी सुधारल्या. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर मुलाला. ते त्याने ठेवावे किंवा विकावे, माझी हरकत नाही. मात्र घराबरोबरची खालची गाडी लावायची जागा सुनेची. गेली दहा वर्षे मुलगा दर फोनला विचारतो, "आई, अजून तीच गाडी?" होय, तीच.

कलम २. ती गाडी, वय वर्षे एकोणीस, सुनेला. लग्नाआधी सून पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी गाडीखाली होते. मला फक्त तिच्या चपला दिसल्या. "काकू, कुठला पाना देऊ?" असे तिने विचारले, आणि मी सतरा म्हटल्यावर हातात सतराचाच ठेवला. मुलाने आयुष्यात घेतलेला सर्वांत शहाणपणाचा निर्णय त्या चपलांत उभा होता.

कलम ३. लाल खूण असलेला जुना एअर फिल्टर सर्व्हिस सेंटरच्या तेव्हाच्या सुपरवायझरला द्यावा. तो जिथे असेल तिथे शोधून द्यावा आणि पोच घ्यावी. कारण असे की, वॉरंटी तीन वर्षांनी संपली, तेव्हा मी गाडीबरोबरचे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. छपाईच्या अकरा चुका सापडल्या आणि एक शोधही लागला: गाडीची नेहमीची देखभाल ही कोणालाही वाचून करता येण्यासारखी गोष्ट आहे. तरी एकदा त्यांच्याकडेच नेली. नेण्याआधी इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या त्या कागदी फिल्टरच्या कडेवर लाल शाईने आमच्या धंद्यातली 'काढून टाका' ही खूण केली. गाडी परत आली. पावतीवर 'फिल्टर बदलला' असे छापलेले, आणि फिल्टरच्या डब्याचे चार खटके उघडून पाहते तो आत माझाच फिल्टर, खुणेसकट.

"काकू, ती खूण कंपनीतूनच येते," सुपरवायझर म्हणाला.

"माझ्या अक्षरात?"

"तुम्ही कशाला त्यात डोकं घालता? गाडी आमच्यावर सोडा आणि निर्धास्त राहा."

मी गाडी घेऊन निघाले आणि त्या दिवसापासून खरोखर निर्धास्त झाले.

कलम ४. माझी हत्यारे, म्हणजे जॅक, गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी घोड्या, पान्यांचा संच, नरसाळे आणि जुने तेल धरायचे घमेले, हेही सुनेलाच. त्यांबरोबर दोन अटी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जो कोणी शिरेल, त्याचा या मृत्युपत्रातील हक्क त्याच क्षणी संपुष्टात येईल. आणि ऑइल फिल्टर बदलताना जुन्याची रबरी कडी जुन्याबरोबरच खाली आली की इंजिनाला चिकटून राहिली, हे बोटाने चाचपून पाहावे. हे मी दुसऱ्या वेळी पाहिले नाही. जुन्या कडीवर नवी कडी बसली, गाडी सुरू केली आणि सगळे तेल शेजाऱ्यांच्या दारापर्यंत वाहत गेले.

त्या वेळी माझे पती स्टुलावर बसून मला पुस्तकातून एकेक ओळ वाचून दाखवत होते. तेल त्यांच्या चपलेपर्यंत आले तेव्हा त्यांनी पाय वर घेतले, पान उलटले आणि म्हणाले, "अगं, हे पुस्तकात नाहीये." हसून हसून आम्हाला तेल पुसवेना.

कलम ५. हे कलम माझ्या धाकट्या दिरांविषयी आहे. तेलाची हकिगत त्यांनीच नातेवाइकांत पोचवली आणि 'नटबोल्टबाई' हे नावही त्यांनीच ठेवले. ते मी मनात ठेवले होते. दोन वर्षांनी माझ्या पतींची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला. भाऊजी घरी आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "वहिनी, ब्रेक तुम्ही स्वतः बदललेत ना? मग माझा भाऊ त्या गाडीत बसणार नाही. हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे."

खरे सांगते, बोलणे कडू होते, पण चुकीचे नव्हते. मी म्हटले, "तुमच्या विश्वासातला मेकॅनिक आणा. त्याने एक दोष दाखवला तर मी उद्या गाडी विकते."

ते पांढऱ्या मिशांच्या उस्तादांना घेऊन आले. उस्तादांनी चारही चाके उतरवली. ब्रेक पाहिले, नळ्या चाचपल्या, तेलाची कांडी ओढून बोटावर तेल चोळले, वास घेतला. भाऊजी टॉर्च धरून उभे. तास गेला. मी जिन्यापाशी उभी होते.

शेवटी उस्तादांनी हात पुसले. "कुठल्या गॅरेजचं काम आहे हे?"

स्टुलावरून माझे पती म्हणाले, "माझ्या बायकोचं."

उस्ताद भाऊजींकडे वळले. "मग मला कशाला बोलावलंत?"

त्यानंतर सहा वर्षांत नऊशे चौतीस फेऱ्या झाल्या. वही कपाटात आहे, कोणीही तपासावी. गाडीने एकदाही दगा दिला नाही. वॉर्डातल्या नर्सना माझे पती सांगत, "आमची ड्रायव्हर आणि मेकॅनिक एकच आहे, म्हणून लग्न टिकलंय." ते गेले ते आजारानेच, पण आपल्या घरात, आपल्या पलंगावर, माझा हात हातात घेऊन, रस्त्याच्या कडेला मदतीची वाट बघत नव्हे. ही माझ्या आयुष्याची कमाई. ती कोणाच्या नावे करता येत नाही.

कलम ६. बँकेतली ठेव त्याच वॉर्डाला, ज्या पेशंटांना नेणारे-आणणारे कोणी नाही त्यांच्या येण्याजाण्यासाठी. वाहन ठेवले तर त्याचे तेल वेळेवर बदलावे.

कलम ७. पती गेल्याच्या दुसऱ्या वर्षी भाऊजींच्या गाडीची वॉरंटी संपली. तेलाचा डबा आणि नवा फिल्टर छातीशी धरून ते दारात उभे राहिले. "वहिनी, शिकवाल का?" मी त्यांना घोड्या लावायला लावल्या, चटई दिली आणि गाडीखाली झोपवले. आता त्यांना चांगले जमते, फक्त नट वाजवीपेक्षा जास्त आवळतात. त्यांच्याबद्दलचा माझा राग मी या कलमान्वये संपूर्ण व कायमचा सोडून देत आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणून भाऊजींना काहीही ठेवलेले नाही, साक्षीचा मान तेवढा दिला आहे.

सही करायला उस्तादांना आणि भाऊजींना त्याच गाडीतून वकीलबाईंच्या कचेरीत मीच घेऊन आले. सव्वा तासाचा रस्ता होता. उस्ताद पुढे बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते आणि मान डोलवत होते. भाऊजी मागच्या सीटवर पहिल्या चौकातच झोपले, ते इथे येऊन हलवून उठवावे लागले.

लिहून ठेवणार : (सही) वरीलप्रमाणे, शाईने, अंगठ्याजवळचा काळा डाग तेलाचा आहे, तो ठसा समजू नये.

साक्षीदार १ : (सही) उस्ताद, गॅरेजमालक

साक्षीदार २ : (सही) धाकटे दीर, नुकतेच जागे झालेले

ठिकाण : वकीलबाईंची कचेरी, पहिला मजला
दिनांक : बारा मार्च, सकाळी अकरा