शिंप्याचे पाय

ता. ४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

नमस्कार. वाकून केलाय, तेव्हा आशीर्वाद जरा लवकर द्या. माझी कंबर फार वेळ तशी राहत नाही.

पत्र लिहायला बसले, कारण फोनवर माझा आवाज ऐकला की तुमच्याकडची लाईन बरोब्बर जाते. कागदाचं तसं नसतं. फाडायचा म्हटला तरी आधी उघडून बघावासा वाटतो, आणि तुम्ही तर दुसऱ्यांचीही पत्रं उघडून बघणाऱ्या.

इकडे सगळं ठीक. दुकान तुमचा भाचा चालवतो. मी काजं, बटणं आणि तुरपाई एवढंच करते. दोरा ओवायला मात्र नातीला, मुंगीला हाक मारावी लागते. सूनबाई शाळेच्या गणवेशांच्या ऑर्डरी आणते. तुमच्या माहेरच्या दुकानात आता बायकांचंच जास्त चालतं, ऐकून बरं वाटेल.

मुंगीचं सांगायचंय. नाव तुम्हीच ठेवलेलं, बुटकी म्हणून. ती अजून बुटकीच आहे. वर्गात सगळ्यांत पुढे उभी करतात. पाय गुडघ्यापाशी बाहेर झुकलेत, चालताना डोलते. जवळच्या डॉक्टरांनी थेंब दिले, गोळ्या दिल्या, उन्हात बसवा म्हणाले. पोरगी काळी झाली, सरळ काही झाली नाही. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टरीण अगदी पोरगेली. केस वर बांधलेले, त्यात पेन खोचलेलं, आणि तेच पेन टेबलावर शोधत होती. मी सांगितलं नाही. म्हटलं, बघू किती वेळ लागतो.

तिनं विचारलं, "घरात आणखी कुणाचे पाय वाकडे आहेत?"

"कुणाचेच नाहीत," मी म्हटलं. तुमचा भाचाही म्हणाला, "नाहीत."

"तुम्ही जरा पँट वर करता का?" ती त्याला म्हणाली.

त्यानं केली. ती बघतच राहिली. मी म्हटलं, "अहो, ते वाकडे नाहीत. ते शिंप्याचे पाय आहेत. दिवसभर मांडी घालून शिवायला बसलं की असेच होतात. ह्यांचे होते, सासऱ्यांचे होते. आमच्याकडे पँटच तशी बेततात, बाहेरच्या शिवणीला जरा पोट देऊन. घातल्यावर कुणाला कळत नाही."

तिनं मुंगीकडे बोट केलं. "आणि ही? ही कधीपासून शिवायला बसते?"

वन्सं, माझी बोलती बंद झालेली तुम्ही कधी पाहिली नाहीत. एक चांगला दिवस हुकला तुमचा.

आमच्या चौघांचं रक्त काढलं. मग कितीतरी आठवड्यांनी बोलावून तिनं समजावलं. मला जेवढं कळलं तेवढं सांगते. अंगात कुठलं प्रथिन कसं बेतायचं याचे नमुने असतात, त्यांना जीन म्हणतात. त्यातल्या एकाचं नाव एफजीएफ तेवीस. वाढीच्या प्रथिनांचं मोठं घराणं आहे, त्यातलं हे एक. तेवीस ऐकून मी म्हटलं, "म्हणजे आधी बावीस भावंडं? त्या माउलीचं काय झालं असेल!" डॉक्टरीण हसली, सूनबाईनं मला चिमटा काढला.

हे प्रथिन हाडांत तयार होतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, जास्तीचा फॉस्फरस बाहेर टाक. सांगून झालं की त्यानं मोडून जायला हवं. आमच्या घरातलं मोडत नाही, कारण नमुन्यातच एक चूक आहे. एकदा सांगून गप्प बसत नाही, सांगतच राहतं. (मला कुणाची आठवण झाली ते लिहीत नाही.) मग हाडांना हवा तो फॉस्फरसही लघवीतून निघून जातो आणि हाडं मऊ राहतात. नाव वाढीचं, आणि काम पोरीची वाढ अडवायचं.

निकाल असा. मुंगीत चूक आहे. तिच्या बापात आहे. सूनबाईत नाही. माझ्यात नाही.

पुढचं उद्या लिहिते. एका शर्टाची काजं राहिलीत, गिऱ्हाईक दारात येऊन उभं आहे.

ता. ५

काल गिऱ्हाईक वगैरे कुणी नव्हतं. पुढचं लिहायला हात चालेना, एवढंच.

ह्यांना नेलं त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हिनं माझ्या भावाची हाडं वाळवली. घोटभर दूध दिलं नाही." स्टुलावरून उठताना माणसाचा खुबा मोडतो, आणि त्यातून तो उठत नाही, हे कुणालाच पटण्यासारखं नव्हतं. मलाही पटलं नव्हतं. तेव्हा तुमचं बोलणं मी गिळलं. आता सांगते. मी रोज पेला हातात द्यायची आणि तुमचे बंधुराज तो मशीनखाली मांजरासमोर ठेवायचे. मांजराला नंतर उडी मारता येईना, इतकं ते फुगलं. तरी मला वाटायचं, समोर बसून प्यायला लावायला हवं होतं. चार वर्षं वाटत होतं. रात्री नाही, दिवसाच. बटण लावताना मध्येच.

डॉक्टरीण म्हणाली, हे दुधानं भरून निघत नाही.

ऐकून मी आधी खूश झाले, वन्सं. लपवत नाही. वाटलं, तुमच्या दारात उभं राहून मोठ्यानं सांगावं, शेजारणी बाहेर येईपर्यंत. मग परत येताना बसमध्ये मुंगीच्या औषधांची पिशवी मांडीवर होती. फॉस्फरसचं औषध आहे, एक व्हिटॅमिनचं आहे, लोहाच्या गोळ्या आहेत. म्हणजे ह्यांनाही देता आलं असतं. पुढच्या खेपेला मी डॉक्टरणीला विचारलं, "खुबा वाचला असता का?" ती म्हणाली, "सांगता येत नाही." खोटं काहीतरी बोलली असती तरी मला चाललं असतं.

ह्यांना जन्मभर सगळे आळशी म्हणाले. दुपारी दुकानातच आडवे व्हायचे म्हणून. मीही थट्टा करायची. हे हसायचे आणि कूस बदलायचे.

आता तुमचं. हे तुमच्या माहेरातून आलंय. सासऱ्यांकडून ह्यांना, ह्यांच्याकडून पोराला. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं उडवल्यासारखं असतं. तुमच्या वेळीही ते उडालंय.

लेक झाल्यावर तुम्हाला अंथरुणातून उठता येईना, आठवतंय? तुमच्या सासूबाई म्हणायच्या, नखरे आहेत. मी पाय चेपायला बसले तर तुम्ही म्हणालात, "हळू गं, मांस नाही, हाड दुखतंय." मग साध्या उंबऱ्यावरून उतरताना पाऊल मोडलं. हे सगळं मी डॉक्टरणीला सांगितलं. तिनं पेन शोधून लिहून घेतलं. बायकांत हे वर्षानुवर्षं झोपून राहतं म्हणे, आणि अंगातलं लोह कमी झालं, बाळंतपण आलं, की जागं होतं.

आणि तुमच्या त्याच लेकीला, माझ्या भाचीला, आता सातवा लागलाय, बाळंतपणाला तुमच्याकडेच आलीय. कळवलं नाहीत, तरी मला कळलं. तिच्या लग्नाला बोलावलं नाहीत त्याबद्दल तुम्हाला कधीतरी चांगलं ऐकवणार आहे, पण आज नको.

तिला सांगा. रक्तातला फॉस्फरस बघायचा, लोह बघायचं आणि ही जीनची तपासणी करायची. नाणं तिच्या बाजूनं पडलेलं असेल तर काही प्रश्नच नाही. नसेल तर औषध आहे, आणि बाळाचंही वेळेवर बघता येईल. लवकर कळलं तर पाय सरळ वाढतात. मुंगीचं आम्हाला उशिरा कळलं. तिच्या पायांचं ऑपरेशन करायचं की थांबायचं, ते अजून ठरत नाहीये. तुमचंही रक्त द्या. उरलेली वर्षं दुखणं सोसलंच पाहिजे असं काही नाही.

तुम्हाला काय जड जाईल ते मला माहीत आहे. तुमच्या वडिलांच्या घरातली गोष्ट, आणि ती सांगणारी मी. मग माझं नाव घेऊ नका. सांगा, कुठेतरी वाचलं. सांगा, शेजारीण म्हणाली. मी ब्रसुद्धा काढणार नाही. आयुष्यात एकदा जमेल मला.

डॉक्टरणीचा नंबर कागदाच्या मागे लिहिलाय. रविवारी सकाळच्या गाडीनं मी निघतेय. माझ्या आधी तुम्ही भाचीला सांगितलं असेल, तर तिला लांबून बघीन आणि त्याच पावली परत जाईन, पाणीही मागणार नाही. सांगितलं नसेल, तर दारातच तिला बोलावून मी सांगणार. मग तुम्हाला मला जे म्हणायचं असेल ते म्हणा, हवं तर सगळ्यांसमोर म्हणा. मागच्या वेळी मी गप्प बसले होते. रविवारी बसणार नाही.

तब्येतीला जपा. उतरताना कठडा धरा.

तुमच्या भावाची बायको,
आणि तुमच्या लेकीची एकुलती एक मामी