करंगळीला लागलेलं पितळ

अण्णा,

एक तक्रार आहे, ती रीतसर नोंदवून घ्या. परवा खंडेनवमीला तुमच्या सुनेनं माझ्या नव्या बंदुकीला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, वर तांब्यातल्या पाण्याचे शिंतोडे उडवले. हळद तिनं पाण्यात कालवून लावली. पोलादावर ओली हळद! दुसऱ्या दिवशी सकाळी नळीवर बोटभर तांबूस डाग. मी बोललो तर म्हणते कशी, "मग काय कोरडी पूजा करू? एवढं संस्कृत शिकलात, तुम्हाला कळाय पाहिजे." तीस वर्षं नांदेडच्या शाळेत मी संस्कृत शिकवतो आहे. घरात त्याचा उपयोग एवढाच होतो, की कुठल्याही वादात ते माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून निघतं. पूजा झाल्या झाल्या बंदूक पुसून का घेतली नाही, असं तुम्ही विचाराल. त्याला कारण आहे. ते शेवटी सांगतो.

तुम्ही दर खंडेनवमीला काय करायचात ते मला पाठ आहे. आई आरती घेऊन आत वळली, की तुम्ही फ्लॅनेलची चिंदी काढायचात आणि पाटावर बसूनच देवीचं कुंकू पुसून टाकायचात. "देवीला तेल चालतं. गंज चालत न्हाई." फौजेतून पेन्शनीत आलेला आणि लातुरात बँकेच्या दारात स्टुलावर बंदूक घेऊन बसणारा माणूस, पण चिंदी अशी हळुवार फिरवायचात की तेवढ्या मायेनं माझं डोकं कधी पुसलेलं आठवत नाही. दस्त्याच्या लाकडाला जवसाचं तेल. आईनं चटणीसाठी जवस भाजायला घेतलं, की तुम्ही चुलीपाशी येऊन म्हणायचात, "समदं चटणीत घालू नको. तिलाबी लागतं." 'ती' म्हणजे बंदूक. घरात मी धरून दोन अपत्यं होती आणि लाडकं कोण, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

आता मीही घेतली. बिलोलीकडे सहा एकर आहेत, भुईमुगात रानडुकरं शिरतात, त्या कारणावर परवाना मिळाला. दुकानदार सत्तरीचा, टोपीवाला. म्हणाला, "मास्तर, असली थ्री-नॉट-थ्री हाय. फौजेतून निघाली, सीधी तुमच्यासाठी." मी मागचा सरकता बोल्ट काढून बाजूला ठेवला, नळी उजेडाकडे धरली आणि मागून पाहिलं. आत आरशासारखं गुळगुळीत. "चाचा, हिच्यात चर कुठे आहेत? चर नसतील तर ही रायफल कसली?" म्हाताऱ्यानं टोपी मागे सारली. "तुम्ही तर पोथीवाले ना, मास्तर?"

पोथीवालाच आहे, म्हणून तर कळलं. जुनं हस्तलिखित हातात आलं की आम्ही आधी शेवटचं पान बघतो. लिहिणारा तिथे आपलं नाव, गाव, साल टाकतो. बंदुकीचं शेवटचं पान मुठीजवळच्या पोलादी पट्टीवर असतं. तिथे मुकुट होता, खाली साल, खाली कारखान्याचं नाव, आणि त्यावर नंतर ठोकलेला दुसरा शिक्का: फौजेची रायफल, पुढे पहाऱ्यावरच्या शिपायांसाठी नळी गुळगुळीत करून मस्केट केलेली. तुमची होती तीच जात. मग नंबर जुळवले. पट्टीवरचा एक, नळीवरचा तोच, बोल्टवरचा निराळा. म्हणजे हिचा बोल्ट कधीतरी दुसऱ्या बंदुकीचा बसवलेला. आणि हो, शेवटचे तीन आकडे तुमच्या बंदुकीचे आहेत का, तेही पाहिलं. नव्हते. बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाही.

हे सगळं तुम्हीच शिकवलंत. आधी नळी, मग नंबर, मग लाकूड. आणि त्याच्याही आधीचं जे, ते तुम्ही मला शंभरदा म्हणायला लावलं असेल: "बोल्ट ओढला म्हंजे काडतूस भाईर आलं असं समजायचं न्हाई. आकडी झिजली असली तर ते आतच ऱ्हातंय. डोळ्यानं बघायचं. मग करंगळी घालायची. करंगळी खोटं बोलत न्हाई."

करंगळी खोटं बोलत नाही. तुम्ही बोललात.

मी एकवीस वर्षांचा होतो. रविवार, सकाळचे दहा. आई चुलीपाशी भाकरी थापत होती, मी उंबऱ्यात बसून परीक्षेचं वाचत होतो आणि तुम्ही भिंतीला टेकून बंदूक पुसत होतात. आवाज झाला तो मला आवाज असा आठवतच नाही. आठवतो तो पिठाचा डबा. फळीवरच्या डब्याला भोक पडलंय आणि त्यातून ज्वारीचं पीठ बारीक धारेनं आईच्या खांद्यावर पडतंय, आणि आई परातीतला हात न काढता माझ्याकडे बघते आहे. शेजारचे दारात आले. तुम्ही उठलात, सगळ्यांच्या देखत माझ्या कानाखाली वाजवलीत आणि म्हणालात, "ह्यानंच भरून ठिवली. काल ह्यानंच हात लावला हुता. पोथ्या वाचून अक्कल आली, ती ही."

मी हात लावला नव्हता, अण्णा. आणि लावला असता तरी काडतूस आणलं असतं कुठून? काडतुसं ट्रंकेत असायची आणि ट्रंकेची किल्ली तुमच्या करदोड्याला. आंघोळीलासुद्धा उतरायची नाही. साधा तर्क आहे. गल्लीतल्या एकानेही केला नाही, कारण फौजी माणूस चुकत नाही आणि कॉलेजात जाणारं पोरगं चुकतंच. मी तोंड उघडलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "जबान चालवू नको." त्या दिवसापासून मला बंदुकीला हात लावायची बंदी. पोलिसांपर्यंत गेलं नाही, गल्लीनं मिटवलं. तुमची नोकरी राहिली, परवाना राहिला, शान राहिली. त्या आवाजानं आईचा डावा कान गेला. पुढची वीस वर्षं ती माझ्याशी उजवी बाजू करून बोलली. कुणी कानाचं विचारलं, की म्हणायची, "जाऊ द्या हो. लेकरू होतं, चुकलं." जे मी केलंच नव्हतं त्याची मला क्षमा करून माझी आई गेली. तिला दवाखान्यात सांगायचं मनात होतं. पण तिच्या चालू कानापाशी वाकलो आणि वाटलं, हे आता हिला दिलं तर हिच्या हातात काय उरेल? नवरा तर आधीच गेलेला.

हा राग मी नीट सांभाळला आहे. तुमच्या बंदुकीसारखा, वेळच्या वेळी तेल घालून. त्याला कधी गंज चढू दिला नाही. तुम्ही गेलात तेव्हाही नाही. लोक म्हणाले, मास्तर किती धीराचे, डोळ्यांत पाणी नाही. धीर कसला! मी भांडण तयार ठेवून बसलो होतो आणि समोरचा माणूस सुनावणीच्या आधीच उठून गेला.

खरं तर तो त्याच्याही आधीच गेला होता. शेवटची दोन वर्षं तुम्ही गंजगोलाईच्या बाजारातून घरी यायचा रस्ता विसरायचात. जेवून हात धुतल्यावर विचारायचात, "मी जेवलो का?" मला तुम्ही 'साहेब' म्हणायला लागलात. मी ते म्हातारपण समजलो. साठीच्या आसपास कसलं म्हातारपण, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आणि त्या रविवारचा आणि ह्याचा काही संबंध असेल, हे तर परवापर्यंत आलं नाही.

तर परवाचं. लेक, जावई आणि चार वर्षांची नात सणाला आले होते. आदल्या दिवशी जावयानं बंदूक हातात घेऊन फोटो काढला. "मामा, स्टेटसला टाकतो." चांगला पोरगा आहे, फक्त स्टेटसचा सोस फार. पूजेला बंदूक पाटावर ठेवली. नातीनं झेंडूचं एक फूल उचलून नळीच्या तोंडात खोचलं, मग काढलं आणि एक डोळा मिटून आत बघितलं. "आबा, आत अंधार आहे." आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

आरती झाल्यावर चिंदी घेऊन बसलो. बोल्ट ओढला. काही बाहेर आलं नाही. ह्या बोल्टची आकडी झिजली आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, बदलायची राहिली होती. आत कुंकू सांडलं होतं आणि चष्मा देवघरात, म्हणून चिंदी करंगळीला गुंडाळून आत घातली. करंगळीला पितळ लागलं.

ते काडतूस मी पाटावर ठेवलं. आणि मी काय बोललो ते ऐका. "जावईबापू, काल तुम्ही हात लावला होता."

तो म्हणाला, "मामा, मी निस्ता फोटो..." मग त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. काय दिसलं त्याला, देव जाणे. मान खाली घालून म्हणाला, "चुकलं असंल मामा. माफ करा." लेक नवऱ्याकडे बघत होती, जसं लातुरात आई माझ्याकडे बघत होती. दसऱ्याच्या दिवशी सकाळी ते निघून गेले, आपट्याचं पान हातावर ठेवायलाही थांबले नाहीत. बंदूक तशीच पडून राहिली, आणि गंजाच्या डागाला तुमच्या सुनेची हळद जबाबदार, असं मी ठरवून टाकलं. दोन दिवसांत दोघांवर ढकलून झालं. तुमचा मुलगा शोभतो.

काडतुसांच्या कपाटाची किल्ली माझ्या करदोड्याला असते, अण्णा. आंघोळीलाही उतरत नाही.

मग मीच भरलं. त्याच्या आधीच्या आठवड्यात शेतावर भरलं असेल, डुकरं आली नाहीत, तसाच घेऊन आलो असेन. असेन म्हणतो, कारण आठवत काहीच नाही. शेतावर गेलेलो आठवतो, बांधावर चहा प्यायलो तो आठवतो. मधला तेवढा तुकडा उंदरानं कुरतडलेल्या पानासारखा गायब आहे. तुम्हालाही त्या रविवारी असंच झालं होतं का? मग तेवढं म्हणायचं होतं. "मला आठवत न्हाई" एवढे तीन शब्द. मी सगळं सोडून दिलं असतं. तुमच्यावर माझा राग अजून आहे, तो गेला असं समजू नका. फक्त आता तो धरून बसायची जागा हलली आहे.

बंदूक उद्या दुकानात जमा करतो आहे. चाचा हसला तर हसू दे. जावयाला फोन करायचा आहे. सकाळपासून तीनदा हातात घेतला आणि ठेवला. आधी हे पत्र पुरं करू, असं स्वतःला सांगितलं, जसं काही ते टपालात पडणार आहे.

अजून एक. मागच्या महिन्यात शाळेतून निघालो आणि रोजच्या चौकात येऊन उभा राहिलो. घर डावीकडे की उजवीकडे, ते मला कळेना. एका रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि त्यानं घरी आणून सोडलं. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या सुनेलाही नाही. मला भीती वाटते.