पाद्री पहिला कसा आला

रविवार, १६ जून, संध्याकाळ

प्रिय ओडिलमामा,

तुमच्या रेनिल्डाचा नमस्कार. ईस्टरपासून तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची क्षमा मागते. कारण देत नाही. ते खरं असूनही बहाण्यासारखं वाटेल. गुडघा कसा आहे? ओस्टेंडची हवा मानवते ना? इथे सगळे ठीक आहेत, मी सोडून.

हिवाळ्यात मी प्रोग्रॅमिंगच्या नवशिक्या वर्गात नाव घातलं (वाचनालयात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला काही नवं शिकावंसं वाटतं, वाटू देऊ नये). तेवढ्यावर भागलं असतं, पण कबूतरांच्या शर्यतींच्या क्लबचे निकाल लावणारे चिटणीस डोळ्यांच्या ऑपरेशनला गेले आणि आमचे सासरे, फिरमिनबाबा, भर बैठकीत म्हणाले, "आमची सून करील की! कम्प्युटर शिकतेय ती."

आज कुणाचं पाखरू मिनिटाला किती मीटर उडालं ते आकडे मी भरले आणि मोठ्यापासून लहानापर्यंत क्रम लावायला सांगितला. पहिला आला पाद्री! हे बाबांचं करडं कबूतर. त्याला कशाचीच घाई नसते, म्हणून हे नाव. या खेपेला सुधारलं नाही तर वाटाण्यांबरोबर शिजवायचं, असं ठरलंही होतं. आणि बेकरीवाल्या जर्मेनबाईंची पाखरं त्याच्या मागे. (विजेत्याचा केक त्याच भाजतात आणि दरवर्षी त्याच जिंकून घरी नेतात.)

"माझी काय चालत आली का गं?" जर्मेनबाई कडाडल्या.

"वाटेत बिअरला थांबली असतील," मागून कुणीतरी म्हणालं.

मी इमानानं पुन्हा तपासलं. आकडे नुसता मजकूर म्हणून ठेवले, तर मशीन ते शब्दांसारखे लावतं हे वर्गात शिकवलं होतं: नऊनं सुरू होणारा ९८७ मोठा, एकानं सुरू होणारा १.२०४ लहान. हेच झालं असावं म्हणून मी मजकुराच्या संख्या करून घेतल्या आणि पुन्हा क्रम लावला. तरी पाद्रीच पहिला! दोन निराळ्या रीतींनी एकच उत्तर आलं, तेव्हा मी छातीठोकपणे निकाल वाचला. बाबांनी केक कापला आणि सगळ्यांदेखत पाद्रीचा मुका घेतला.

घरी बटाटे सोलताना डोक्यात उजेड पडला. आपण हजारानंतर टिंब देतो; मशीनला ते दशांशचिन्ह वाटतं. जर्मेनबाईंचं पाखरू मिनिटाला बाराशे चार मीटर उडालं, मशीनच्या लेखी धड सव्वा मीटरही नाही; पाद्रीच्या ९८७ला टिंबच नव्हतं, म्हणून तो पुढे. आधी टिंब पुसायचं, मग पूर्णांक करायचा, मग तुलना, इतकंच होतं. पुसलं. जर्मेनबाई पहिल्या, पाद्री शेवटचा.

रविवारी फक्त नावं वाचतात आणि वेगाचा तक्ता सोमवारी क्लबच्या दारावर लागतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे उद्या सगळं उघडं पडणार: बाबांचं हसं होणार आणि पाद्री पातेल्यात जाणार. तरी मी अजून गप्प आहे. बाबांच्या आनंदासाठी, की माझा तोरा उतरेल म्हणून? पुष्कळ विचार केला. उत्तर मला आवडलं नाही.

तुमची,
रेनिल्डा

ता. क. पत्राचं खरं कारण: पाद्रीला तुमच्या शेडमध्ये थारा द्याल का? तो उडून परत येईल म्हणाल, तर येईल. पण तोवर आपण सगळे शांत झालेले असू.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते तोच बाबा आले. धीर करून सांगून टाकलं.

"अगं, तो आला तेव्हा माझी दुपारची झोप उरकली होती," ते म्हणाले. "मला कळत नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?"

"जन्मात पहिल्यांदा तो केक माझ्यापुढे आला, पोरी. चांगला होता." त्यांनी टोपीची कड चाचपली. "आता मुका घेतलेल्या पाखराची मान कशी मुरगळू? तुझ्या ओडिलमामाला विचारून बघ ना."

उद्या: बेकरी उघडायच्या आत जर्मेनबाईंना खरं सांगणे.